आमच्या इथे पालिकेचं वाचनालय येतंय म्हणे. बजेटमध्ये नक्की काय मागायचं?

गॅलरीतून | सोमवार, रात्री १०.५२

मंडळी, नमस्कार. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. विकास आराखड्यात त्या जागेच्या एका कोपऱ्यावर वाचनालयाचं आरक्षण होतं, त्यामुळे बिल्डर दुसऱ्या मजल्यावर एक हॉल बांधून पालिकेच्या ताब्यात देणार आहे. परवा रहिवाशांच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला. पुढारी मंडळींपैकी एका गृहस्थांनी सांगितलं, "हॉल मिळू दे, पुढचं बजेटमध्ये टाकून घेऊ." टाळ्या पडल्या, वडे आले, मीटिंग संपली.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात किडा. टाकून घेऊ म्हणजे काय टाकून घेऊ? पालिका बजेटच्या आधी नागरिकांकडून सूचना मागवते. तिथे पाठवायला मी एक वाक्य लिहिलं: "आमच्या विभागात सुसज्ज सार्वजनिक वाचनालयासाठी निधी मंजूर करावा." आमचे हे वाचून म्हणाले, "सुसज्ज म्हणजे? एसी की आचार्य?" आता तुम्हीच सांगा, काय लिहू?

---

बोरकूट | सोमवार, रात्री ११.०५

वडे कुठले होते ते आधी सांगा.

---

टपरी_तत्त्वज्ञ | सोमवार, रात्री ११.२०

ताई, राग मानू नका, पण वाचनालय कोणासाठी? लोकलमध्ये शंभर माणसांत एकाच्याही हातात पुस्तक नसतं. सगळं मोबाईलवर. रस्ते करा, गटारं साफ करा. पुस्तकं ज्याला हवीत तो घेईल विकत.

---

स्लो_लोकल | सोमवार, रात्री ११.४१

तत्त्वज्ञ, लोकलमध्ये हात मोकळा असतो का कोणाचा? एका हाताने कडी, दुसऱ्याने पाकीट. कल्याण स्लोला या एकदा, मग पुस्तकाचं बोलू.

ताई, मी कल्याणचा. आमचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, आणि तुमच्या मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघालं. ही सगळी लोकांनी वर्गणी काढून उभी केली, कुठल्याही नगरपालिकेच्या बजेटची वाट न बघता. तेव्हा माझा प्रश्न उलटा आहे. पालिकेकडे जायचंच कशाला? हॉल घ्या, संस्था नोंदवा, चालवा.

---

खातेवही | मंगळवार, सकाळी ६.१५

गॅलरीतून ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. कुठल्या ते सोडा. आयुष्यभर बजेटची पुस्तकं चाळलीत, म्हणून लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्या वाक्यात एक शब्द नडतो आणि एक शब्द कमी आहे. नडणारा शब्द "निधी". निधी म्हटलं की तो भांडवली खर्चात जाऊन बसतो. भांडवली म्हणजे एकदाच होणारा: फरशी, फर्निचर, रंग, पंखे, बाहेरची पाटी. त्याची निविदा निघते, ठेकेदार येतो, काम होतं, फोटो निघतो. हा पैसा मिळणं तितकंसं कठीण नाही. मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा भांडवली खर्चाचा होता. तुमचा हॉल त्या समुद्रात थेंबसुद्धा नाही.

कमी असलेला शब्द "महसुली". म्हणजे दरवर्षी लागणारा खर्च. ग्रंथपालाचा पगार, शिपायाचा पगार, नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, बांधणी, वीजबिल, झाडू. याला फोटो नाही. हा एकदा सुरू केला की कायमचा गळ्यात पडतो म्हणून कुठलाही आयुक्त हात आखडता घेतो. पाटी लागलेली आणि आत पुस्तक नसलेली जी वाचनालयं दिसतात, त्यातली बरीचशी इथे अडकलेली असतात. इमारत भांडवलीतून झाली, चालवायला बजेटमधल्या महसुली शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यात, दमडी नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्यात कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: पाणी, मलनिःसारण, कचरा, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६३ मध्ये ऐच्छिक. वाचनालयं ऐच्छिकात येतात. म्हणजे पालिकेने केलं तर तिचा चांगुलपणा, नाही केलं तर कोणी कोर्टात खेचू शकत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की कात्री पहिली इथे लागते.

गंमत पुढे आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींची २९ कामं दिली आहेत. त्यात विसाव्या क्रमांकावर "ग्रंथालये" असा स्वतंत्र शब्द आहे. बाराव्या अनुसूचीत शहरांची १८ कामं आहेत. तिथे "सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन" असं मोघम आहे, ग्रंथालय हा शब्दच नाही. गावाच्या यादीत ग्रंथालय आहे आणि मुंबईच्या नाही!

---

गॅलरीतून | मंगळवार, सकाळी ८.३०

खातेवही काका, दंडवत. दोनदा वाचलं. आमच्या ह्यांनाही वाचायला लावलं, ते गप्प झाले. हे दुर्मिळ आहे.

म्हणजे मी "इमारत" न मागता "पगार" मागायचा?

---

खातेवही | मंगळवार, सकाळी ८.४४

इमारत तुम्हाला फुकट मिळतेच आहे. मागायचं ते तिच्या आत बसणाऱ्या माणसाचं मागा.

---

रॅक_नंबर_चार | मंगळवार, दुपारी १.१०

मी ती आत बसणारी बाई. अनुदानित वाचनालयात सोळा वर्षं आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

स्लो_लोकल, तुमचं "संस्था नोंदवा, चालवा" वाचून हसू आलं, रागावू नका. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार संस्था वाचनालय चालवते आणि सरकार अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देतं. २०१२ च्या पडताळणीनंतर तर बरीच वर्षं नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गवाढ बंदच होती. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, आम्ही पेढे वाटले. ती वाढ धरून ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. भागा बाराने. महिन्याला चार हजार. त्यात पगार, पुस्तकं, पेपर, वीज. मुंबईत चार हजारांत माळ्यावरची खोलीसुद्धा भाड्याने मिळत नाही. आमचा वर्ग जरा वरचा आहे म्हणून मी टिकून आहे, शिवाय नवऱ्याचा पगार आहे म्हणून.

बाकी आम्ही तरतो ते दिवाळी अंकांवर. ऑक्टोबरात योजना काढायची, सभासदांकडून जादा वर्गणी घ्यायची, शंभरेक अंक आणायचे, आणि मग तीन महिने काउंटरवर भांडणं. "तो अंक कोणाकडे आहे? त्यांनी पंधरा दिवस ठेवलाय!" हे भांडण ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी कुलूप लावायचं, असं आमचे जुने कार्यवाह म्हणायचे.

लोकांना वाटतं वाचनालय म्हणजे पुस्तकं. पुस्तक रॅकवर ठेवणं हे काम नाही हो. कोणती काढून टाकायची, हे काम आहे. पावसाळ्यात कसर लागते, पानं चिकटतात, बुरशीचा वास येतो. डांबरगोळ्या टाका, ऊन पडलं की गच्चीवर पसरा. मागच्या पानावरची परतीच्या तारखांची चिठ्ठी बघा, त्यावरून मला कळतं की हे पुस्तक २००९ नंतर कोणी हातात घेतलेलं नाही. हे बघायला माणूस लागतो. रोज लागतो.

---

स्लो_लोकल | मंगळवार, दुपारी १.५५

ताई, मागे घेतो. चार हजारांचा हिशेब माहीत नव्हता.

पण तरी विचारतो. पालिकेने हॉल संस्थेला चालवायला दिला तर? जागा त्यांची, माणसं आपली.

---

रॅक_नंबर_चार | मंगळवार, दुपारी २.०२

देतात तसं काही ठिकाणी. संस्था चांगली असेल तर सोनं होतं. नाही तर काय होतं ते बोरकूट सांगतील, ते सगळीकडे फिरतात.

---

बोरकूट | मंगळवार, दुपारी २.३०

सांगतो. एका उपनगरात, नाव लिहीत नाही, असा एक हॉल एका मंडळाला मिळाला. बाहेर "वाचनालय" अशी पाटी. आत काचेचं एक कपाट, कपाटाला कुलूप, कपाटात एका पुस्तकाच्या सतरा प्रती, सगळ्या कोणाच्या तरी गौरवग्रंथाच्या. बाकी हॉलमध्ये थर्माकोलची मखरं, ढोल, आणि शनिवारी बारशी. मी स्वतः एका बारशाला जेवलोय. पुरी गरम होती. पुस्तक मात्र मागितलं तर मिळालं नाही, किल्लीवाला गावी गेला होता.

---

टपरी_तत्त्वज्ञ | मंगळवार, दुपारी ३.००

मी हेच म्हणत होतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११.३४

मला तुमच्यापेक्षा वेगळं बोलायचंय. वय २३, स्पर्धा परीक्षा देतेय.

आमचं घर १६० चौरस फूट. बीडीडी चाळीची खोली ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. पाच माणसं. बाबांची रात्रपाळी, त्यामुळे ते दिवसा झोपतात. दिवसा घरात दिवा लावायचा नाही, पान उलटल्याचा आवाज करायचा नाही. मी सकाळी सात वाजता बाहेर पडते आणि रात्री साडेदहाला परत येते. मधला वेळ अभ्यासिकेत.

मला वाचनालयातली एकही कादंबरी नकोय. पुस्तकं माझी मी आणते, झेरॉक्स काढते. मला टेबल हवं, खुर्ची हवी, डोक्यावर पंखा हवा, मोबाईल चार्ज करायला पॉइंट हवा. आणि रात्री साडेदहापर्यंत उघडं हवं. वाचनालय सहाला बंद होतं. सहाला कामावरून सुटलेला माणूस तिथे पोचतो कधी?

तुम्ही सगळे पुस्तकांवर बोलताय. रांगेत आम्ही उभे आहोत आणि आम्हाला पुस्तकंच नकोयत.

---

गॅलरीतून | बुधवार, सकाळी ७.१०

रात्रपाळी, बाळा, तुझा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. मीही अशाच खोलीत वाढले. मी गॅलरीत बसून वाचायचे, जिन्यातल्या दिव्याखाली. म्हणून हे नाव घेतलंय इथे.

---

रॅक_नंबर_चार | बुधवार, दुपारी १.०५

रात्रपाळी, तुझी गरज खरी आहे, त्यात वादच नाही. पण एक धोका सांगते. पत्रात "अभ्यासिका" शब्द गेला की काम सोपं होतं, आणि म्हणूनच घात होतो. अभ्यासिकेला काय लागतं? टेबलं, खुर्च्या, पंखे, एक सुरक्षारक्षक. सगळं एकदाच घ्यायचं. ग्रंथपाल नको, पुस्तकं नकोत, पेपर नकोत. खातेवहींच्या भाषेत जवळपास सगळं भांडवली. त्यामुळे "वाचनालय" मागितलं तरी हातात अभ्यासिका पडते. मग सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा, शाळा सुटल्यावर चित्रांची पुस्तकं बघायला येणारी पोरं यांना जागा उरत नाही. अभ्यासाच्या खोलीत पोरांना कोणी बसू देत नाही, आवाज होतो म्हणून.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १.२०

मग दोन खोल्या करा ना. भिंत घाला.

---

कॉलम_बीम | बुधवार, सायंकाळी ७.४०

भिंत घालायच्या आधी लादीचं, म्हणजे स्लॅबचं, विचारा!

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. सगळा धागा वाचला आणि "दुसरा मजला" या दोन शब्दांवर अडकलो. भारतीय मानक ८७५, भाग २ प्रमाणे घराच्या खोलीची लादी प्रति चौरस मीटर साधारण २०० किलोच्या वापरभारासाठी, म्हणजे माणसं-सामानाच्या वजनासाठी, काढतात. पुस्तकांचे रॅक ठेवायच्या खोलीसाठी हाच आकडा ६०० किलो आहे, तोही रॅकची उंची २.२ मीटरपर्यंत असेल तर. त्यावर प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो. म्हणजे घराच्या निदान तिप्पट. कागद जड असतो हो. घर बदलताना पुस्तकांचा एक खोका हमाल कसा उचलतो ते आठवा.

नकाशावर "वाचनालय" लिहिलं म्हणजे लादी त्या वजनाला काढली असं नाही. आरक्षणाची जागा बऱ्याचदा साध्या हॉलसारखी काढतात, कारण तिथे नक्की काय येणार हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसतं. स्लॅब पडण्याआधी विचारलंत तर सळई वाढवणं किरकोळ काम आहे. ताबा मिळाल्यावर विचारलंत तर उत्तर येईल, "रॅक फक्त भिंतीकडेने, कमरेएवढे ठेवा." मग पुस्तकं आपोआप कमी होतात आणि खोली आपोआप अभ्यासिका होते.

ताई, स्लॅब झाला का?

---

गॅलरीतून | बुधवार, रात्री ८.१५

अगं बाई. पार्किंगचे मजले झालेत, दुसऱ्याची सेंटरिंग लागलीय. उद्याच सोसायटीच्या कन्सल्टंटना गाठते.

---

बोरकूट | बुधवार, रात्री ८.२२

हा धागा भलताच उपयोगी निघाला राव. वाचनखूण साठवली.

मी तर म्हणतो तळमजलाच मागा, वजनाचा प्रश्नच मिटला.

---

रॅक_नंबर_चार | बुधवार, रात्री ९.००

तळमजला नको. हात जोडते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. मी तेव्हा दुसऱ्या एका वाचनालयात उमेदवारी करत होते, तळमजल्यावर. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं. खालचे दोन कप्पे गेले हे तर दिसत होतंच. पण वरची पुस्तकंही गेली, कारण खालची भिजून फुगली आणि त्यांनी लाकडी रॅक उसवले. ओलं पुस्तक दीडपट जाड होतं, कप्प्यातून निघत नाही, ओढलं तर पाठ हातात येते. आम्ही पावडर लावून, पेपर घालून, पंख्याखाली उभी करून शंभरेक वाचवली. त्यात अजून चिखलाचा वास येतो. दुसरा मजलाच बरा. फक्त लिफ्ट मागा, आजोबा चढणार नाहीत.

---

स्लो_लोकल | गुरुवार, सकाळी ९.१२

पैशाकडे परत येतो. दक्षिणेत काय करतात? तिकडे वाचनालयं बरी चालतात म्हणतात.

---

खातेवही | गुरुवार, सकाळी १०.३०

तिकडे ग्रंथालय उपकर आहे. मद्रासने १९४८ मध्ये कायदा केला तेव्हापासून. तमिळनाडूत मालमत्ता कराच्या रुपयामागे दहा पैसे, कर्नाटकात ६ टक्के, केरळात ५ टक्के. मालमत्ता कराच्या बिलातच वसूल होतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात मात्र उपकर ठेवलाच नाही, सरकारी अनुदानावर भिस्त ठेवली. तुमच्या जुन्या बिलावर नजर टाका: सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. झाडासाठी वेगळी ओळ आहे. पुस्तकासाठी नाही.

सगळ्यात भारी गोव्याचं. त्यांनी १९९३ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर दारूवर लावला.

---

बोरकूट | गुरुवार, सकाळी १०.४१

अरे देवा. म्हणजे गेल्या मेमध्ये मी कलंगुटला चार दिवस समाजसेवा करत होतो तर!

---

टपरी_तत्त्वज्ञ | गुरुवार, सकाळी ११.००

आता दारूवर कर लावून लायब्ररी. मुंबईत लावा, चार दिवसांत प्रत्येक नाक्यावर एशियाटिक उभी राहील.

---

स्लो_लोकल | गुरुवार, सकाळी ११.२५

गंभीरपणे: मग उपकराचीच मागणी करायची का?

---

खातेवही | गुरुवार, दुपारी १२.१०

ती पालिकेकडे करून उपयोग नाही. उपकर लावायचा तर विधिमंडळात कायदा बदलावा लागेल. ती वेगळी लढाई, करणाऱ्यांनी जरूर करावी. शिवाय दोन अडचणी आहेत. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. उपकर मालमत्ता कराच्या टक्क्यांत असेल तर या घरांकडून शून्य. चांगलंच आहे, त्यांच्यावर बोजा नको, पण मग वसुली कमी येईल. दुसरी अडचण बेंगळुरूची. तिथे कर गोळा करते पालिका आणि वाचनालयं चालवतं राज्याचं ग्रंथालय खातं. गोळा झालेला उपकर खात्यापर्यंत पोचत नाही अशी ओरड वर्षानुवर्षं तिथल्या पेपरांत असते. पैसा नावाने गोळा होणं आणि नावाने खर्च होणं यात बरंच अंतर असतं.

---

धागाराखण | गुरुवार, दुपारी १.००

दारू, वडे आणि गोवा या विषयांवरचे आठ प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

---

बोरकूट | गुरुवार, दुपारी १.०४

वडे ताईंनीच काढले होते.

---

गॅलरीतून | गुरुवार, रात्री १०.२०

आज दोन कामं केली.

एक, कन्सल्टंटना भेटले. आधी म्हणाले, "मॅडम, हॉल म्हणजे हॉल." मी कागदावर लिहून नेलं होतं, २०० आणि ६००. ते बघून त्यांनी फाइल काढली. हॉल प्रति चौरस मीटर ३०० किलोला काढलाय. दोन तास फोनाफोनी झाली. हॉलच्या एका बाजूचे दोन गाळे, म्हणजे खांबांमधले भाग, ६०० ला करून घ्यायला तयार झालेत, नकाशावर तशी नोंदही करतो म्हणाले. सगळा हॉल नाही, पण दोन गाळे. कॉलम_बीम, चालेल का?

दोन, सूचनेचा नवा मसुदा. वाचा आणि फाडा:

"आमच्या विभागात आरक्षणापोटी पालिकेच्या ताब्यात येणाऱ्या हॉलमध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू करण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. त्यात (१) एक प्रशिक्षित ग्रंथपाल व एक मदतनीस यांचे वेतन, (२) पुस्तके, बालविभाग व वर्तमानपत्रे यांची वार्षिक खरेदी, (३) देखभाल व वीज, अशी महसुली तरतूद दरवर्षी करावी. वाचनालयाची वेळ सकाळी ८ ते रात्री १०.३० असावी. अभ्यासासाठी स्वतंत्र दालन असावे."

---

कॉलम_बीम | गुरुवार, रात्री १०.४५

दोन गाळे उत्तम. सगळे रॅक त्याच बाजूला, टेबलं दुसऱ्या बाजूला. रात्रपाळीची भिंत बरोबर मधे येईल. जिप्समची घाला, विटांची नको, तिचंही वजन असतं. त्या नोंदीची प्रत सोसायटीच्या फाइलला लावा, नाहीतर पाच वर्षांनी कोणी तरी टेबलांच्या बाजूला रॅक उभे करेल.

---

खातेवही | शुक्रवार, सकाळी ६.०५

मसुदा उत्तम. दोन दुरुस्त्या.

"स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे" हे शाबूत ठेवा, तेच मुख्य आहे. शीर्ष नसेल तर पैसे आले तरी ठेवायचे कुठे? पहिल्या वर्षी शीर्ष उघडून हजार रुपयांची नाममात्र तरतूद मिळाली तरी निराश होऊ नका. दार उघडं राहिलं, पुढच्या वर्षी रक्कम वाढवता येते. मात्र हॉलचा ताबा मार्चनंतर मिळणार असेल तर पहिल्या वर्षाची रक्कम माफकच मागा. मोठी मागितली आणि खर्च झाली नाही तर वर्ष संपताच व्यपगत होते, म्हणजे हातची जाते, आणि पुढच्या वर्षी तोच कागद तुमच्यावर उलटतो: "मागच्या वेळी खर्चच केले नाहीत." असले शेरे मी स्वतः मारलेत, म्हणून सांगतो.

दुसरं, आयुक्त ५ फेब्रुवारीच्या आत बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात. त्याआधी विभागवार मागण्या तळाकडून वर जातात. तुमची सूचना ऑनलाइन पाठवा, पण तीच विभाग कार्यालयात आवक-जावक क्रमांक घेऊन द्या, आणि तिची प्रत नगरसेवकांना. २०२२ च्या मार्चपासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकांच्या सहीने चालायचं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता समितीत उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी तरी आहे. त्याच्या हातात कागद द्या. तोंडी "टाकून घेऊ" ला आवक क्रमांक नसतो.

---

टपरी_तत्त्वज्ञ | शुक्रवार, सकाळी ९.३०

मी अजूनही म्हणतो, आधी गटारं. पण रात्रपाळीचं वाचलं. माझ्या टपरीवर रात्री बल्बखाली दोन पोरं बसतात, चहा एक घेतात आणि तीन तास पुस्तक उघडून. मी उठवत नाही. साडेदहाची वेळ मसुद्यातून काढू नका एवढंच.

---

रॅक_नंबर_चार | शुक्रवार, दुपारी १.१५

"प्रशिक्षित" हा शब्दही काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्याही योजना आहेत. त्या राज्यामार्फत येतात, संस्थेच्या वाचनालयांना जास्त सोयीच्या. तुमच्या ग्रंथपालाला ठाऊक असतील. म्हणून तर म्हणते, आधी तो नेमा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११.०५

ताई, एक राहिलं. मुलींसाठी स्वच्छतागृह, त्याच मजल्यावर, आतून कडी लागणारं. आमच्या अभ्यासिकेत ते कायम बंद असतं. आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही.

---

गॅलरीतून | शुक्रवार, रात्री ११.१२

घातलं. वेळेच्या ओळीच्या वर, चौथा मुद्दा. उद्या सकाळी अकराला कार्यालयात देऊन येते.

---

गॅलरीतून | शनिवार, दुपारी १२.४०

दिलं. आवक क्रमांक मिळाला. शिक्का जरा पुसट आहे, पण तारीख वाचता येते.

---

अत्तरदाणी | शनिवार, दुपारी ३.३०

नमस्कार, नवीन सभासद आहे. धागा आवडला. माझ्याकडे १९९१ पासूनचे सगळे दिवाळी अंक आहेत, शिवाय सासऱ्यांची आयकर कायद्याची पुस्तकं. घर रिकामं करतोय. तुमच्या नव्या वाचनालयाला भेट म्हणून देऊ का?

---

रॅक_नंबर_चार | शनिवार, दुपारी ३.३४

आयकराची नको!! मागच्या वर्षी एका गोणीतून मला १९९४ ची टेलिफोन डिरेक्टरी आली होती. दिवाळी अंकांची यादी पाठवा, वर्षाप्रमाणे.

---

कॉलम_बीम | शनिवार, दुपारी ३.५०

आणि वजन किती होतंय?